सूर्यामागे फिरणारी डिश : घड्याळ, मोटर आणि त्याआधी अक्ष

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नंदुरबार जिल्ह्यातील एका निवासी शाळेच्या स्वयंपाकघरासाठी १६ चौरस मीटरच्या चार शेफलर डिश, म्हणजे सूर्यप्रकाश एका बिंदूवर एकवटून भांडे तापवणारे आरशांचे परावर्तक, बसवायच्या आहेत. काम जवळच्याच गावातील फॅब्रिकेटर करणार आहे आणि विजेचा भरवसा नाही. अशा वेळी डिश सूर्याबरोबर फिरवण्यासाठी वजनावर चालणारे लंबकाचे घड्याळ बसवावे, की मोटर आणि टायमर? सोबत आपण असेही लिहिले आहे की तेथे आधीची एक जुनी डिश आहे, सकाळी तिचा प्रकाश भांड्याच्या बुडावर नेमका लावला तरी दुपारी तीन-साडेतीनपर्यंत तो भांड्याबाहेर जातो, आणि यावर उपाय म्हणून सेन्सर बसवण्याचा सल्ला आपल्याला मिळाला आहे.

घड्याळ की मोटर याचे उत्तर मी पुढे देतोच. पण हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न डिश ज्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष कुठे रोखलेला आहे, हा आहे. तो पृथ्वीच्या अक्षाला समांतर बसला असेल, तर अगदी साध्या यंत्रणेवरही डिश दिवसभर नीट चालते. तो दोन-तीन अंशांनी चुकला असेल, तर कितीही चांगली मोटर आणि कितीही महाग सेन्सर आणला तरी प्रकाश भांड्यावर टिकणार नाही, कारण एकाच अक्षावर फिरणाऱ्या यंत्रणेला त्या अक्षाची चूक भरून काढण्याचा मार्गच नसतो. आमच्याकडे ट्रॅकिंगची, म्हणजे डिश सूर्यामागे नीट फिरत नसल्याची, तक्रार म्हणून येणाऱ्या डिशपैकी बऱ्याच डिशमध्ये दोष ट्रॅकिंगमध्ये नसतोच. तो पाया भरण्याच्या दिवशी झालेला असतो.

हे नीट कळावे म्हणून या डिशची रचना थोडी पाहू. वोल्फगांग शेफलर यांनी १९८६ मध्ये उत्तर केनियातील एका मिशन केंद्रात आपला पहिला नीट चालणारा परावर्तक उभा केला. त्यांच्यापुढची अडचण स्वयंपाकाची होती. साध्या छत्रीसारख्या सौरचुलीत भांडे डिशच्या मध्यावर असते, डिशबरोबर तेही फिरते, आणि रांधणाऱ्याला उन्हात उभे राहावे लागते. शेफलर यांनी पूर्ण परवलयाऐवजी (प्रकाश एका बिंदूवर आणणाऱ्या खोलगट आकाराऐवजी) त्याचा कडेचा एक तुकडा घेतला, त्याचा फिरण्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखला, आणि प्रकाश जिथे एकवटतो तो बिंदू त्याच अक्षाच्या रेषेवर आणला. त्यामुळे डिश फिरली तरी तो बिंदू हलत नाही, आणि भांडे घराच्या आत, सावलीत, एका जागी ठेवता येते. शिर्डीच्या साई संस्थानात २००९ मध्ये सुरू झालेल्या वाफेवरील स्वयंपाकाच्या प्रकल्पात अशाच १६ चौरस मीटरच्या ७३ डिश आहेत. तिथे भांड्याच्या जागी पाणी भरलेले रिसीव्हर आहेत. फिरण्याचे तत्त्व तेच आहे.

ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाचा मोठा फायदा असा की सूर्याची रोजची चाल त्या अक्षाभोवती जवळजवळ एकसारख्या गतीची असते: २४ तासांत ३६० अंश, म्हणजे तासाला १५ अंश, म्हणजेच चार मिनिटांना एक अंश. ही गती जानेवारीत तीच आणि मेमध्येही तीच. एकसारख्या गतीने फिरणे हे घड्याळाचेच काम असल्यामुळे ते घड्याळावर सोपवता येते. आता चूक किती चालेल याचा हिशोब करू. डिशच्या मध्यापासून भांड्यापर्यंतचे अंतर चार मीटर धरले, तर डिश सूर्याच्या एक अंश मागे पडल्यास प्रकाशबिंदू सुमारे सात सेंटीमीटर सरकतो. म्हणजे डिश बंद पडून जागच्या जागी राहिली तर बिंदू मिनिटाला पावणेदोन सेंटीमीटर चालतो. सूर्याची आदर्श प्रतिमा त्या अंतरावर चार सेंटीमीटरच्या आतच यायला हवी, पण डिश आरशांच्या लहान लहान तुकड्यांची असते आणि तिची चौकट हाताने वाकवलेली असते, त्यामुळे प्रत्यक्षात बिंदू वीतभर ते दीड वीत रुंद पडतो. भांड्याचे बूड त्याहून थोडे मोठे घेतले, तर एक अंशाची, म्हणजे चार मिनिटांची चूक सहज खपते. तीन अंशांची खपत नाही. हे दोन आकडे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

अक्ष बसवताना दोन गोष्टी साधायच्या असतात: तो खऱ्या उत्तर-दक्षिण रेषेत असला पाहिजे, आणि त्याचे उत्तरेकडचे टोक जमिनीपासून त्या गावाच्या अक्षांशाइतके वर उचललेले असले पाहिजे. आपल्या भागात हा कल २१ अंशांच्या थोडा पुढेमागे येतो. गावाचा नेमका अक्षांश मोबाइलच्या नकाशावरून घ्यावा. फॅब्रिकेटरने दुसऱ्या जिल्ह्यातील डिशचे मोजमाप तसेच्या तसे उचलले असेल, तर इथेच चूक होते. कोल्हापूरच्या पावणेसतरा अंशांची चौकट नंदुरबारला नेऊन बसवली तर ती साडेचार अंशांहून अधिक चुकलेली असते. मीटरभर लांबीमागे साडेसतरा मिलिमीटर म्हणजे एक अंश, एवढे गणित पाया भरणाऱ्या गवंड्याला समजावून सांगितले तर तो नीट काम करतो. कल कोनमापकाने मोजण्यापेक्षा एक काटकोन त्रिकोण पत्र्यातून कापून घ्यावा, त्याची तिरपी बाजू शाफ्टवर, म्हणजे डिश ज्यावर फिरते त्या पाइपवर, ठेवावी आणि आडव्या बाजूवर पाणसळ लावून पाहावी. ही पद्धत सगळ्यांत भरवशाची आहे.

उत्तर दिशा होकायंत्राने ठरवू नये. आजूबाजूला लोखंडी चौकट, सळया आणि वेल्डिंग मशीन असताना होकायंत्राची सुई काय दाखवेल याचा नेम नसतो. मोबाइलमधील होकायंत्राचे तर विचारूच नये. आपल्या ज्योतिषग्रंथांत सांगितलेली शंकूची, म्हणजे उभ्या काठीच्या सावलीची, रीत इथे उत्तम चालते. सपाट, पाणसळीत केलेल्या जमिनीवर ओळंब्याने सरळ केलेली काठी उभी करावी, तिच्या बुडाभोवती एक वर्तुळ काढावे, सकाळी सावलीचे टोक वर्तुळाच्या आत शिरताना एक खूण करावी आणि दुपारनंतर ते बाहेर पडताना दुसरी. या दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते, आणि तिच्या मध्यातून काठीच्या बुडाकडे जाणारी रेषा उत्तर-दक्षिण. याला अर्धा दिवस जातो, पण तो अर्धा दिवस पुढची पंधरा वर्षे कामाला येतो.

त्यानंतर मी आणखी एक तपासणी नेहमी करतो, आणि ती आपणही करावी असा माझा आग्रह आहे. शाफ्ट बेअरिंगवर चढला आहे, डिश अजून लावलेली नाही, आणि बेअरिंगचे बोल्ट हाताने आवळलेले आहेत, अशा अवस्थेत निरभ्र रात्री शाफ्टच्या खालच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या टोकाशी बसून पाइपमधून वर पाहावे. तीन मीटर लांबीच्या आणि सहा सेंटीमीटर आतल्या व्यासाच्या पाइपमधून आकाशाचा साधारण एक अंशाचा गोल तुकडा दिसतो. त्या तुकड्यात ध्रुवतारा दिसला तर अक्ष आपल्या गरजेपुरता बरोबर बसला असे समजावे. ध्रुवतारा स्वतः खऱ्या ध्रुवापासून पाऊण अंशाच्या आत आहे, आणि आपल्याला एक अंशाची सूट आहे. तारा दिसत नसेल तर वरच्या टोकाचे बेअरिंग पत्र्याच्या पट्ट्या सारून थोडे वर किंवा बाजूला घ्यावे, तो पाइपच्या मध्यावर आला की तिथेच बोल्ट घट्ट करावेत आणि दुसऱ्या दिवशी वेल्डिंग करावे. शाळेतील मुलांना हे पाहायला जरूर बोलवावे. भूगोलाच्या पुस्तकातील अक्षांशाचा धडा त्या पाइपमध्ये प्रत्यक्ष दिसतो.

बेअरिंगबद्दल एकच गोष्ट सांगतो. शाफ्ट २१ अंश तिरपा असल्यामुळे डिशच्या वजनाचा सुमारे ३६ टक्के भाग शाफ्टच्या लांबीच्या दिशेने खाली ढकलत असतो. खालच्या टोकाला तो भार घेणारे थ्रस्ट बेअरिंग, निदान पक्के वेल्ड केलेले कॉलर तरी हवे. ते नसेल तर शाफ्ट महिन्यामहिन्याने थोडा थोडा खाली घसरतो, चेन तिरपी होते, आणि लोक मोटर बदलत बसतात.

आता आपल्या जुन्या डिशकडे येऊ. दुपारी बिंदू भांड्याबाहेर गेलेला असेल तेव्हा पहिली परीक्षा अशी करा: चेन किंवा क्लच सोडवा आणि डिश हाताने हळूहळू पुढेमागे फिरवून बिंदू मध्यावर परत येतो का ते पाहा. तो पूर्णपणे मध्यावर आला, तर अक्ष ठीक आहे आणि दोष चालीचा आहे: टायमर मागे पडतो, चेन घसरते, वजन अडकते, यांपैकी काहीतरी. हाताने कितीही फिरवले तरी तो भांड्याच्या वरून किंवा खालूनच जात असेल आणि मध्यावर येतच नसेल, तर दोष अक्षाचा आहे आणि तिथे सेन्सरवर एक रुपयाही खर्च करू नये.

अक्षाचा दोष असेल तर तो कलाचा की दिशेचा, हेही डिश स्वतःच सांगते. सूर्य याम्योत्तरावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, असताना (आपल्याकडे घड्याळात साडेबाराच्या पुढेमागे) ऋतूची जुळणी (ती पुढे सांगितली आहे) करून बिंदू नेमका मध्यावर लावावा. (भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आहे आणि नंदुरबार सुमारे ७४.२५ रेखांशावर आहे, म्हणून आपला सरासरी मध्यान्ह घड्याळाच्या बारानंतर ३३ मिनिटांनी होतो. शिवाय कालसमीकरणामुळे, म्हणजे सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतील वर्षभर बदलत्या फरकामुळे, तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटे आधी आणि फेब्रुवारीत चौदा मिनिटे उशिरा येतो.) मग ती जुळणी न हलवता साडेनऊच्या आणि साडेतीनच्या सुमारास डिश हाताने फिरवून बिंदू पूर्व-पश्चिम मध्यावर आणावा आणि फक्त वर-खालीचा फरक पाहावा. सकाळी बिंदू वर आणि दुपारी खाली, किंवा याच्या उलट, असे असेल तर उत्तर-दक्षिण रेषा चुकली आहे. सकाळ-दुपार दोन्ही वेळा तो एकाच बाजूला, म्हणजे दोन्ही वेळा वर किंवा दोन्ही वेळा खाली जात असेल, तर कल चुकला आहे. फरकाचे सेंटीमीटर लिहून ठेवले की वरचे बेअरिंग किती हलवायचे याचा अंदाज येतो. बहुतेक वेळा डिश उतरवावी लागत नाही; वरच्या बेअरिंगच्या प्लेटला लांबट भोके पाडलेली असतील तर तासाभराचे काम असते. नव्या चारही डिशच्या प्लेटना अशी भोके आधीच पाडून घ्यावीत.

यानंतर तोल. डिश शाफ्टवर चढवल्यानंतर आणि चेन लावण्यापूर्वी, वारा नसताना पहाटे, ती सकाळच्या, दुपारच्या आणि संध्याकाळच्या स्थितीत नेऊन सोडावी. जिथे सोडली तिथे ती थांबली पाहिजे. एखाद्या स्थितीतून ती आपोआप फिरू लागली तर मागच्या दांड्यावर वजन वाढवावे किंवा सरकवावे. तोल किती महत्त्वाचा आहे हे एका हिशोबावरून दिसेल: २५ किलोचे वजन दीड मीटर खाली उतरताना सुमारे ३७० ज्यूल ऊर्जा देते, आणि ती आठ तासांत वाटली तर सरासरी शक्ती जेमतेम एका वॅटचा ऐंशीवा हिस्सा भरते. तोल साधलेली डिश शांत हवेत एवढ्यावर फिरते. तोल बिघडलेल्या डिशला मात्र दहा वॅटची मोटरही सकाळी ओढत आणि संध्याकाळी रोखत राहते, आणि तिचा गिअर दोन्ही बाजूंनी झिजतो.

लंबकाच्या घड्याळाबद्दल मला मनापासून आदर आहे. सूर्यामागे आरसा फिरवण्यासाठी घड्याळाचा उपयोग अठराव्या शतकात डच शास्त्रज्ञ ख्राव्हेसांड यांनी केला होता, आणि शेफलर यांनी तीच कल्पना सायकलची चेन, गरारी आणि लोखंडी पट्टी इतक्यावर आणून ठेवली. वजन डिशला पुढे ओढत असते, आणि एस्केपमेंट, म्हणजे दातेरी चाक अडवणारी-सोडणारी खिटी, लंबकाच्या प्रत्येक झोक्याला एकच दात सुटू देते. अचूकतेच्या बाबतीत त्यात काही कमी नाही. मीटरभर लांबीच्या लंबकाची लांबी एक मिलिमीटरने चुकली तर दिवसाला सुमारे ४३ सेकंदांचा फरक पडतो. थंडीतील आणि उन्हाळ्यातील वीस अंशांच्या तापमानफरकाने लोखंडी दांडा जो लांबतो त्याने दहा सेकंद. आपल्याला तर चार मिनिटांची सूट आहे. त्याला वीज लागत नाही, आणि बिघडल्यावर सायकल दुरुस्त करणारा माणूसही ते दुरुस्त करू शकतो.

त्याचा कमकुवतपणा वाऱ्यात आहे. अंगाला वारा लागून डिश हलली की तो धक्का चेनमधून थेट एस्केपमेंटच्या दातावर येतो. दात घासले जातात आणि मग एका झोक्याला दोन दात सुटू लागतात. लंबकाला पेटी नसेल तर वारा त्यालाही हलवतो. खानदेशात मार्च-एप्रिलमध्ये दुपारी जो धुळीचा वारा सुटतो त्यात ती धूळ दातांत बसते. शिवाय रोज सकाळी कोणीतरी वजन वर चढवावे लागते. एक डिश असेल आणि तिच्यावर जीव असलेला एक माणूस असेल तर यात काहीच कठीण नाही. चार डिश, चार वजने आणि पाळीपाळीने येणारे कर्मचारी असतील तर चौथ्या महिन्यात दोन घड्याळे बंद आढळतात. म्हणून आपल्या शाळेसाठी माझा सल्ला मोटरचा आहे, पण ती लहान, मंद आणि हाताने सोडवता येणारी असावी.

मोटर १२ व्होल्टची डीसी घ्यावी. मोटारगाडीच्या वायपरची चालते. तिला चाळीस-पन्नास वॅटचे एक सौर पॅनल आणि एक लहान बॅटरी पुरते, त्यामुळे वीज गेल्याने काही अडत नाही. गतीचे गणित असे आहे: मिनिटाला ३० फेरे घेणारी मोटर सतत चालवून दिवसाला एक फेरा हवा असेल तर ४३,२०० ला १ अशी गतीची घट लागते. ६० ला १ चे दोन वर्म गिअर (स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारी दातेरी चाके) एकामागे एक लावले की ३,६०० होतात, आणि लहान गरारीपासून डिशच्या मागच्या अर्धगोल रिमपर्यंत १२ ला १ मिळाले की हिशोब पुरा होतो. प्रत्यक्षात इतकी घट कोणी करत नाही. एकच वर्म गिअर लावतात आणि टायमर मोटरला थोड्या थोड्या वेळाने काही क्षण चालवतो. दर मिनिटाला पाव अंश, अशी टायमरची जुळणी ठेवली तर बिंदू दोन सेंटीमीटरच्या आतच पुढेमागे होतो आणि तव्यावर ते जाणवतही नाही. वर्म गिअरचा दुसरा गुण असा की बाहेरून ढकलले तर तो उलटा फिरत नाही, म्हणून वाऱ्याचा धक्का मोटरपर्यंत पोचत नाही. घड्याळाला नेमके हेच जमत नाही.

चेन मात्र शाफ्टवरच्या लहान गरारीवर देऊ नका. ती डिशच्या मागच्या मोठ्या रिमवरूनच घ्या. ही बाब फॅब्रिकेटर खर्चासाठी हमखास टाळतात, म्हणून आकडे देतो. कोणत्याही चेनमध्ये दोन मिलिमीटरचा खेळ असतोच. तो खेळ एक मीटर त्रिज्येच्या रिमवर असेल तर डिश अंशाच्या नवव्या भागाइतकी डुलते आणि बिंदू सेंटीमीटरभरही हलत नाही. तोच खेळ दहा सेंटीमीटर त्रिज्येच्या गरारीवर असेल तर एक अंशाहून अधिक, म्हणजे आठ सेंटीमीटरचा फरक पडतो, आणि वाऱ्यात प्रकाश भांड्यावर नाचताना दिसतो. चेनऐवजी स्टीलची वायररोप वापरली तरी चालते. ती ताणलेली ठेवायला एक स्प्रिंग लावावी.

सेन्सरविषयी. दोन प्रकाशसंवेदक आणि त्यांच्यामध्ये सावलीची पट्टी, अशी यंत्रणा निरभ्र आकाशाखाली फार छान चालते. आपल्याकडचे जून ते ऑक्टोबरचे आकाश तसे नसते. सूर्य ढगाआड गेला आणि ढगाची कड चमकू लागली की सेन्सर त्या कडेमागे जातो, आणि सूर्य परत बाहेर येतो तेव्हा डिश दहा अंश भरकटलेली असते. टायमर मात्र सूर्य दिसो वा न दिसो, त्याच्या जागेचा अंदाज धरून चालत राहतो. सेन्सरवर धूळ बसते, पाखरे घाण करतात, आणि दोन्ही बाजूंना ती सारखी नसते. सकाळी माणूस एकदा डिश हाताने लावणारच असेल, तर पुढच्या सात-आठ तासांसाठी टायमर पुरतो. सकाळच्या या हाताच्या जुळणीमुळे कालसमीकरणाचा प्रश्नही आपोआप मिटतो. त्याची भानगड फक्त पूर्णपणे स्वयंचलित यंत्रणेला असते.

आपण विचारलेले नाही, पण कोणीतरी सुचवेल म्हणून सांगतो: जमिनीला समांतर आणि जमिनीला उभा असे दोन अक्ष असलेली यंत्रणा या कामाला घेऊ नका. लातूरच्या दुग्धशाळेसाठी उभारलेल्या सुमारे १६० चौरस मीटरच्या अरुण डिशसारख्या मोठ्या परावर्तकांना दोन अक्षांचे स्वयंचलित ट्रॅकिंग शोभते, कारण तिथे त्यामागे अभियंत्यांचे बळ असते. लहान स्वयंपाकघरात उभ्या-आडव्या अक्षाची खरी अडचण मेमध्ये कळते. महाराष्ट्रात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावरून जातो. आपल्या भागात मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर. त्या शून्य सावलीच्या दिवसांत सूर्य सकाळभर पूर्वेला राहतो आणि मध्यान्हाच्या काही मिनिटांत पश्चिमेला जातो, म्हणजे उभ्या अक्षाभोवती डिशला त्या काही मिनिटांत जवळजवळ अर्धा फेरा मारावा लागतो. ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाला तो दिवसही इतर दिवसांसारखाच असतो. सौर पॅनलच्या मोठ्या प्रकल्पांत आडव्या उत्तर-दक्षिण अक्षावर फिरणाऱ्या लांब रांगा दिसतात, त्यांचे गणित वेगळे आहे. पॅनलला पाच अंशांची चूक जाणवतही नाही, आणि आरशाला ती चालतच नाही.

सूर्याची दुसरी चाल ऋतूची. क्रांती, म्हणजे सूर्याचे विषुववृत्तापासूनचे कोनातले अंतर, वर्षभरात उत्तर-दक्षिण साडेतेवीस अंशांपर्यंत बदलते आणि ती कोणतेही घड्याळ भरून काढत नाही. ती जुळणी हाताने करायची असते: डिशचा कल क्रांतीतील बदलाच्या निम्म्याने बदलायचा आणि त्याबरोबर वरच्या-खालच्या टेलिस्कोपिक पट्ट्या सोडून चौकटीचा बाक थोडा कमी-जास्त करायचा, कारण बदललेल्या कोनासाठी परवलयाचा वेगळा तुकडा लागतो. किती दिवसांनी करायची, हे कॅलेंडरवर अवलंबून आहे. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांजवळ क्रांती दिवसाला ०.४ अंशाने बदलते. आठवडाभर हात लावला नाही तर बिंदू वीतभराच्या जवळ सरकतो, म्हणून त्या दिवसांत दर दोन दिवसांनी जुळणी हवी. जून आणि डिसेंबरच्या अयनदिनांच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा दिवस ती एक तृतीयांश अंशाच्या आसपासच बदलते, तेव्हा पंधरा-वीस दिवस पाहिले नाही तरी बिघडत नाही. जुळणीच्या पट्टीवर तारखांच्या खुणा रंगाने करून ठेवाव्यात. पहिल्या वर्षी त्या खुणा करणे हेच चालवणाऱ्याचे शिक्षण असते.

वाऱ्याचा विचार ट्रॅकिंगपासून वेगळा करता येत नाही. ताशी ३६ किलोमीटरचा वारा १६ चौरस मीटरवर समोरून आला तर दाब सुमारे शंभर किलो वजनाइतका असतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट. वळवाच्या पावसाआधीच्या वावटळीत चेन आणि गिअर हा भार घेण्यासाठी नसतात. प्रत्येक डिशला एका ठरावीक स्थितीत अडकवणारी जाड लोखंडी खीळ हवी, ती शाफ्टमध्ये न बसता थेट पायाच्या चौकटीत बसली पाहिजे, आणि संध्याकाळी काम संपले की ती घालण्याची सवय हवी. खीळ घातलेली असताना मोटर सुरू होऊ नये म्हणून तिच्या जागी एक लिमिट स्विच बसवावा. तो शंभर-दोनशे रुपयांत येतो आणि गिअरबॉक्स वाचवतो.

डिश बंद पडली तर मध्यान्हाच्या सुमारास बिंदू भांड्यावरून पूर्वेकडे सरकतो. म्हणून भिंतीतील झरोक्याभोवती, विशेषतः पूर्वेच्या बाजूला, लाकडी चौकट, वायर, गॅसची नळी किंवा पडदा असू नये; निदान मीटरभर जागेत उघडी वीट किंवा पत्रा असावा. मुलांची शाळा आहे, तेव्हा डिश आणि भिंत यांच्यामधील पट्टा जाळीने बंद करावा. एकवटलेला प्रकाश डोळ्यांच्या उंचीवरून जात असेल तर तिथे कोणी चुकूनही उभे राहू नये.

मुंबईत १८७० च्या दशकात विल्यम अॅडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने सपाट आरशांची मोठी चौकट अर्धवर्तुळाकार मार्गावर ठेवून वाफेचा पंप चालवला होता, आणि ती चौकट सूर्याप्रमाणे माणूस हाताने सरकवत असे. त्या माणसाचे काम आज टायमर करतो. सकाळचे लावणे, ऋतूची जुळणी आणि संध्याकाळची खीळ ही तीन कामे अजूनही हाताचीच आहेत. ती कोण करणार हे डिश येण्याआधी ठरवा, आणि शक्यतो त्या व्यक्तीला पाया भरण्यापासून सोबत ठेवा.

कामाचा क्रम असा ठेवावा, असे मला वाटते. आधी जुन्या डिशची हाताने फिरवून परीक्षा करा आणि वरचे बेअरिंग हलवून ती दुरुस्त होते का पाहा, म्हणजे फॅब्रिकेटरचा हातही बसेल. मग नव्यांपैकी एकाच डिशचा पाया शंकूच्या रेषेवर भरा, पाइपमधून ध्रुवतारा पाहा, तोल साधा आणि पंधरा दिवस ती केवळ हाताने, दर चार मिनिटांनी थोडी फिरवून चालवा. या पंधरा दिवसांत जे दोष दिसतील ते अक्षाचे आणि तोलाचेच असतील, कारण मोटर अजून बसलेलीच नाही. त्यानंतर बाकीच्या तीन बसवा, आणि जागा सरळ असेल तर दोन-दोन डिश एका आडव्या शाफ्टने जोडून प्रत्येक जोडीला एक मोटर द्या. प्रत्येक डिशला स्वतंत्र क्लच आणि हाताने फिरवायचे चाक मात्र हवेच, कारण सकाळी चारही डिश वेगवेगळ्या लावाव्या लागतात, आणि मोटर बंद पडलेल्या दिवशीही मुलांची डाळ शिजली पाहिजे. मोटर आणि टायमरची खरेदी सगळ्यांत शेवटी करा.